लाकडावर उगवणारी अळिंबी : घरच्या घरी पहिला प्रयोग

पावसाची पहिली झड ओसरली, की परसातल्या वठलेल्या आंब्यावर, कुंपणाच्या कुजक्या खांबावर किंवा वर्षभर कोणी न हलवलेल्या ओंडक्यावर एका रात्रीत पांढरट-करड्या छत्र्यांचे थर चढलेले दिसतात. ज्यांचे बालपण गावाकडे गेले त्यांनी या 'कुत्र्याच्या छत्र्या' काठीने उडवलेल्या असतील. घरातील वडीलधारी माणसे मात्र त्यांना हात लावू देत नसत, आणि त्यांचे ते धोरण शहाणपणाचेच होते. आज त्याच कुळातील धिंगरी अळिंबी शहरातल्या भाजीच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत बसून चांगल्या किमतीला विकली जाते. कालची हेटाळणीची वस्तू आज पाहुण्यांच्या पानात मानाने वाढली जाते, हा बदल मोठा गमतीचा आहे.

या पालटाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. अळिंबी घरच्या घरी पिकवता येते, त्याला जमीन लागत नाही, सदनिकेची एक गॅलरीही पुरते, ही वार्ता घरोघर पोहोचली. ती खरीही आहे. मात्र तिच्या पाठोपाठ 'निवृत्तीनंतर घरबसल्या लाखोंची कमाई' अशा जाहिरातीही येऊ लागल्या, आणि त्या वाचून आयुष्यभराची पुंजी एका खोलीत टांगलेल्या पाचशे पिशव्यांत घालण्याचा मोह अनेकांना होतो. म्हणून प्रथम दोन पिशव्यांचा प्रयोग कसा करावा, तो कोठे फसतो आणि फसल्यावर काय शिकावे, हे नीट पाहिले पाहिजे. पैशाचा विचार त्यानंतर.

लाकूड खाणारी वनस्पती नव्हे, बुरशी

अळिंबी ही वनस्पती नव्हे. तिला हरितद्रव्य नाही, त्यामुळे सूर्यप्रकाशातून अन्न तयार करणे तिला जमत नाही. ती बुरशीच्या राज्यातील आहे आणि आपल्याला दिसणारी छत्री हे त्या बुरशीचे केवळ फळ होय. खरा जीव असतो तो लाकडाच्या आत पसरलेल्या, केसाहून बारीक अशा पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यात. हे धागे विकरे सोडतात, लाकूड बाहेरच्या बाहेर पचवतात आणि मग तो रस शोषून घेतात. आंब्याच्या झाडाला मोहोर यावा तशी या जाळ्याला योग्य ऋतूत छत्री येते.

लाकडाचे मुख्य घटक म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज पचवणारे जीव पुष्कळ आहेत. लिग्निनचा चिवट सांधा उकलणे मात्र फार थोड्यांना साधते, आणि त्यांत पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशींचा क्रमांक पहिला लागतो. धिंगरी, शिटाके, काळी कर्ण अळिंबी, औषधी म्हणून नाव असलेली गॅनोडर्मा, सिंहाच्या आयाळीसारखी दिसणारी हेरिशियम या साऱ्या त्याच घराण्यातल्या. जंगलात पडलेली झाडे कुजून मातीत मिळतात ती यांच्याच कृपेने. नाहीतर वनात पाय ठेवायलाही जागा उरली नसती.

धिंगरीच्या वाट्याला आणखी एक विलक्षण कसब आले आहे. लाकडात नत्र फार कमी, म्हणून ही बुरशी त्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींना विषारी थेंबाने बधिर करून त्यांनाही पचवते. शाकाहारी म्हणून मिरवणाऱ्या या भाजीचे हे खासगी आयुष्य सहसा कोणाला ठाऊक नसते.

सगळीच अळिंबी घरी येत नाही

येथे नवशिक्याची पहिली फसगत होते. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी चढ्या भावाने विकली जाणारी रोयण ओळमी खाऊन कोणालाही वाटेल, की ही आपल्या गॅलरीत का लावू नये? पण ती वारुळातच उगवते. वाळवी ज्या बुरशीची बाग आपल्या घरात जोपासते त्याच बुरशीचे ते फळ, आणि वाळवीचे हे कृषिशास्त्र माणसाला अजून घरी साधलेले नाही. झारखंडमधील रुगडा सालवृक्षांच्या मुळांशी नाते जोडून जमिनीखाली वाढतो. झाड नाही तर रुगडाही नाही. हिमाचल व काश्मीरची गुच्छी आपल्या लहरीप्रमाणे डोंगरात उगवते आणि तिच्या भावाचे आकडे ऐकून डोळे विस्फारतात, परंतु नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

बाजारात सर्वांत ओळखीची पांढरी बटन अळिंबीसुद्धा घरगुती प्रयोगास सोयीची नाही. ती लाकडावर वाढत नसून कुजवलेल्या कंपोस्टवर वाढते. ते कंपोस्ट जुन्या लांब पद्धतीने तयार करण्यास जवळजवळ चार आठवडे लागतात. त्याला अमोनियाचा असा दर्प सुटतो, की सहकारी गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभाच बोलवावी लागेल! पुन्हा तिला फळ धरण्यासाठी चौदा ते अठरा अंशांचा गारवा लागतो. सोलनला तो हिवाळ्यात फुकट मिळतो. सोलापूरला तो विजेच्या बिलातून विकत घ्यावा लागतो.

उरतात त्या लाकूडप्रिय जाती. त्यांना कंपोस्ट लागत नाही, दर्प येत नाही आणि त्यांच्यातील धिंगरी तर इतकी सोशिक, की भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा असे जवळजवळ काहीही तिला चालते. काड म्हणजे एका अर्थी लाकडाचा धाकटा भाऊ. घटक तेच, सेल्युलोज आणि लिग्निन, पण वीण सैल आणि म्हणून पचायला सोपी. ओंडक्यावर जे काम व्हायला सहा महिने ते वर्ष लागते ते काडावर तीन आठवड्यांत होते. याच कारणासाठी लाकडावरच्या अळिंबीचा पहिला धडा काडावर गिरवणे हिताचे.

इतिहासही काहीसा असाच वळणावळणाने गेला. शिटाके ओंडक्यांवर वाढवण्याची कला चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपासून आहे. धिंगरीची लागवड मात्र तुलनेने अलीकडची. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई भासू लागली तेव्हा जर्मनीत झाडांच्या बुंध्यांवर व ओंडक्यांवर ती प्रथम हेतुपुरस्सर वाढवली गेली. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ च्या सुमारास भाताच्या पेंढ्यावर तिची लागवड यशस्वी झाली आणि पुढे १९७४ मध्ये आलेल्या सोलनच्या संशोधनाने आजच्या करड्या धिंगरीची वाट मोकळी केली. सोलनचे राष्ट्रीय अळिंबी केंद्र १९८३ साली स्थापन झाले, २००८ साली त्याला संचालनालयाचा दर्जा मिळाला. त्या शहराला १९९७ मध्ये 'भारताचे अळिंबी शहर' असा किताबही देण्यात आला आहे.

पहिली पिशवी

दोन पिशव्यांपुरते साहित्य असे : दोन किलो कोरडे, सोनेरी, या हंगामातले काड, दोनशे ग्रॅम धिंगरीचे बियाणे, सुमारे चौदा बाय बावीस इंचांच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक मोठे पातेले, सुतळी, आणि पाणी फवारायचा साधा पंप. सारा खर्च मिळून एका चौकोनी कुटुंबाच्या हॉटेलातील जेवणाच्या बिलाइतकाही होत नाही.

बियाणे म्हणजे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या उकडलेल्या, निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. दाणे पांढऱ्या कापसात लपेटल्यासारखे दिसले पाहिजेत आणि वास ताज्या अळिंबीसारखा यायला हवा. हिरवा वा काळा ठिपका दिसला किंवा आंबूस वास आला, तर ते बियाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. महाराष्ट्रातील वाचकांना पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचा आधार आहे; तेथे प्रशिक्षणही मिळते. इतर राज्यांतील वाचकांनी आपल्या कृषी विद्यापीठात वा नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. बंगळूरूकरांना हेसरघट्ट्याची भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था जवळ पडते. बियाणे कोठूनही घ्या, जात विचारून घ्या. करडी धिंगरी बावीस ते अठ्ठावीस अंशांत खूश असते. पांढरी फ्लोरिडा थोडी गारव्याची. गुलाबी धिंगरी उकाडा सोसते, म्हणून मुंबई, गोवा, चेन्नई अशा किनारी शहरांत ती बरी. मात्र तोडल्यावर ती फार लवकर माना टाकते. नागपुरात मे महिन्यात यांपैकी कोणतीही लावण्याचा अट्टहास करू नये.

काडाचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून ते रात्रभर, आठ-दहा तास, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत. सकाळी ते पाणी टाकून द्यावे. मग काड जुन्या सुती पिशवीत वा पोत्यात भरून ऐंशी अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यात एक तास बुडवावे. ऐंशी अंश म्हणजे पाण्याला उकळी फुटलेली नाही, पण तळाशी बुडबुडे धरले आहेत आणि हात घालणे अशक्य आहे, अशी अवस्था. या पायरीचे प्रयोजन समजून घेणे जरूर आहे. काडावर शेकडो जातींच्या बुरशी व जिवाणूंचे बीज आधीच बसलेले असते. गरम पाणी त्यातील आक्रमक मंडळींना मारते आणि आपल्या बुरशीला दोन आठवड्यांची आघाडी मिळवून देते. काही पुस्तिकांत याऐवजी फॉर्मेलिन व बुरशीनाशकाच्या द्रावणाची पद्धत दिलेली आढळते. मोठ्या प्रकल्पात ती वापरतात. घरात, विशेषतः लहान मुले असताना, ती नकोच.

यापुढची पायरी दिसते क्षुल्लक, पण निम्म्याहून अधिक पिशव्या येथेच बिघडतात. काड बाहेर काढून स्वच्छ चादरीवर सावलीत पसरावे, निथळू द्यावे आणि पुरते थंड होऊ द्यावे. मूठभर काड घट्ट पिळून पाहावे. बोटांतून पाणी टपकले तर ते अजून ओले आहे. तळहात नुसता दमट झाला तर योग्य. ओलावा साधारण पासष्ट टक्के असावा असे शास्त्र सांगते आणि मुठीची ही परीक्षा त्याचा ढोबळ अंदाज देते. उतावळेपणाने ओलेच काड भरले, की पिशवीच्या तळाशी पाणी साचते, हवा कोंडते आणि चार दिवसांत तिथे नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. गरम काडात बियाणे पेरले तर ते भाजूनच जाते.

हात साबणाने धुऊन, पंखा बंद करून पिशवी भरायला बसावे. तळाशी तीन-चार इंच काड, त्यावर कडेकडेने मूठभर बियाणे, पुन्हा काड, पुन्हा बियाणे, असे चार थर. प्रत्येक थर हाताने दाबावा, कारण पोकळी राहिली तर धाग्यांना एका काडीवरून दुसरीवर जाता येत नाही. एका पिशवीत सुमारे किलोभर वाळक्या वजनाचे काड व शंभर ग्रॅम बियाणे बसते. तोंड सुतळीने बांधून पिशवीला सुईने किंवा दाभणाने वीस-पंचवीस भोके पाडावीत. झाले. पिशवीवर तारीख लिहायला विसरू नये; बँकेच्या पासबुकाप्रमाणे येथेही नोंदच पुढे उपयोगी पडते.

वाट पाहणे

आता पंधरा ते वीस दिवस काहीही करायचे नाही, आणि नवशिक्यास हेच सर्वांत कठीण वाटते. पिशव्या घरातल्या सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात टांगाव्यात वा फळीवर ठेवाव्यात. चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसू लागते. दहाव्या दिवसापर्यंत ती एकमेकींना भिडते. विसाव्या दिवशी सारी पिशवी दह्याच्या कवडीसारखी पांढरी आणि घट्ट होते. उचलून पाहिले तर काड सुटे राहिलेले नसते, एकसंध ठोकळा झालेला असतो. हे काडांना बांधणारे काम धाग्यांनी केलेले असते.

अशी पांढरी पिशवी ब्लेडने कापून प्लॅस्टिक काढून टाकावे किंवा तिला बाजूने चार-पाच उभ्या चिरा द्याव्यात. याच क्षणी तिला तीन गोष्टी एकदम लागतात : ओलावा, ताजी हवा आणि मंद उजेड. दिवसातून दोन-तीन वेळा भोवतालच्या भिंतींवर, जमिनीवर आणि हलकेच ठोकळ्यावर पाणी फवारावे. उन्हाळ्यात भोवती ओले गोणपाट टांगावे. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरतो. थेट ऊन नको. तीन ते पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि त्यांची वाढ मग पाहावी अशी असते. सकाळी मिरीएवढा दिसलेला झुबका दुसऱ्या दिवशी सुपारीएवढा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळहाताएवढा होतो. या काळात घरातले सर्वजण, अगदी प्रयोगाला नाके मुरडणारेसुद्धा, सकाळी उठल्यावर आधी गॅलरीत डोकावतात.

अंकुरांवर पाण्याची धार सोडू नये. ते पिवळे पडून सुकतात. अळिंबीचे देठ लांबलचक आणि छत्री मात्र बटणाएवढी राहिली, तर दोष पाण्याचा नसून हवेचा आहे : कर्बवायू कोंडला आहे, खिडकी उघडा. कडा करकरीत व तपकिरी झाल्या तर हवा कोरडी आहे.

छत्रीची कड खाली वळलेली असतानाच तोडणी करावी. मुळापाशी धरून सारा झुबका हलकेच पिळून काढावा, देठाचे तुकडे मागे ठेवू नयेत, ते कुजतात. त्यानंतर सात-दहा दिवसांनी दुसरा बहर आणि पुढे तिसरा. किलोभर वाळक्या काडापासून सर्व बहर मिळून अर्धा ते पाऊण किलो अळिंबी नवशिक्याने हाती लागली म्हणजे समाधान मानावे. हात बसला की आकडा वाढतो.

पिशवी हिरवी पडली तर

पहिल्या दोन पिशव्यांपैकी एकीवर हिरवा डाग दिसण्याची शक्यता बरीच असते. ही ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. गंमत अशी, की शेतात रोगनियंत्रणासाठी शेतकरी हीच बुरशी पैसे देऊन आणतात. येथे मात्र ती घुसखोर ठरते. डाग नाण्याएवढा असेल तर त्या जागी चुन्याची निवळी लावून पाहावी. हिरवेपणा पसरतच गेला, तर पिशवी घरात न उघडता बाहेर नेऊन मातीत पुरावी. तिच्यातील 'चांगला भाग' वाचवण्याचा प्रयत्न करू नये. ती हिरवी पूड एका झटक्यात शेजारच्या पिशव्यांवर जाऊन बसते. दुसरा उपद्रव चिलटांचा. खिडकीला बारीक जाळी आणि जवळ ओल्या कचऱ्याचा डबा नसणे, एवढ्याने बराच बंदोबस्त होतो. फवाऱ्याची कीटकनाशके येथे वापरू नयेत, कारण त्या छत्र्या आपल्याच ताटात येणार आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट माणसांच्या आरोग्याची. धिंगरी पक्व झाली की ती असंख्य बीजाणू सोडते. पांढऱ्या पुडीसारखे ते खालच्या फळीवर साचलेले दिसतात. बंद खोलीत दीर्घकाळ ते श्वासात गेल्यास खोकला, ताप, धाप असा त्रास होऊ शकतो. म्हणून पिशव्या झोपण्याच्या खोलीत कदापि ठेवू नयेत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर गॅलरीतही विचार करूनच ठेवाव्यात आणि छत्री सपाट होण्यापूर्वीच तोडणी उरकावी. मोठ्या प्रकल्पात काम करणाऱ्यांना नाकावर मुखपट्टी बांधायला सांगतात ते याचसाठी.

धिंगरी कच्ची खाऊ नये, चांगली शिजवूनच खावी. तिच्याविषयी 'मटणाइतकी प्रथिने' असे जे सांगितले जाते ते वाळवलेल्या वजनाबद्दल आहे. ताज्या अळिंबीत नव्वद टक्के पाणी असते, शंभर ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम तीन ग्रॅम. तिचे गुण दुसरे आहेत. त्यातला एक असा, की तोडलेल्या अळिंब्या पाकळ्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवल्या, तर त्यांतील अर्गोस्टेरॉलचे 'ड' जीवनसत्त्वात रूपांतर होते. उन्हाची इतकी रोख परतफेड देणारी भाजी विरळाच.

आणि एक इशारा. घरी धिंगरी पिकवू लागलेल्या माणसाला रानातल्या छत्र्याही 'ओळखता' येऊ लागल्याचा भास होतो. जपानमध्ये सूचिपर्णी वृक्षांच्या कुजक्या लाकडावर वाढणारी एक शुभ्र अळिंबी दिसायला धिंगरीच्या बहिणीसारखी. लोक ती पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते. २००४ च्या शरद ऋतूत तीच खाऊन एकोणसाठ जण मेंदूच्या विकाराने आजारी पडले आणि त्यांतील सतरा दगावले. बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. पिढ्यांच्या अनुभवालाही तेथे चकवा मिळाला. पिशवीत जे पेरले तेच खावे. झाडावरचे झाडावर राहू द्यावे.

आता ओंडका

काडावर हात बसला, की खऱ्या लाकडाकडे वळता येते. ज्यांचे कोकणात, बेळगावकडे, महाबळेश्वरच्या आसपास किंवा ईशान्येकडील डोंगराळ भागात घर आहे त्यांच्यासाठी हा छंद फार आनंदाचा. छाटणीत निघालेल्या आंब्याच्या चार ते सहा इंच जाडीच्या निरोगी फांद्या घेऊन त्यांचे हातभर लांबीचे तुकडे करावेत. दोन-तीन आठवडे ते सावलीत राहू द्यावेत, कारण ताज्या लाकडातील जिवंत पेशी बुरशीला विरोध करतात. दोन-तीन महिने मात्र ठेवू नयेत, तोवर दुसऱ्याच बुरशीने ठाण मांडलेले असते. साल शाबूत हवी. ड्रिलने अर्धा इंच रुंद व इंच-दीड इंच खोल भोके सहा-सहा इंचांवर पाडून त्यांत भुशावर वाढवलेले बियाणे ठासावे आणि वर वितळलेले मेण लावावे. ओंडके विटांवर, झाडाच्या सावलीत रचावेत. थेट मातीवर ठेवल्यास आपल्याकडे वाळवी आधी पोहोचते. कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्यावे आणि मग विसरून जावे. धिंगरी पुढच्या पावसाळ्यात दर्शन देते. शिटाकेला वर्ष-दीड वर्ष लागू शकते आणि तिला गारवाही हवा. तयार ओंडका दिवसभर थंड पाण्यात बुडवून काढला की तिला जाग येते. एकदा लागलेला ओंडका काही वर्षे फळत राहतो.

शहरात ओंडक्याला पर्याय म्हणजे भुशाची पिशवी. आंबा, निलगिरी, पॉप्लर अशा रुंदपर्णी झाडांचा भुसा चार भाग, गव्हाचा कोंडा एक भाग आणि चिमूटभर जिप्सम. येथे काडासारखे गरम पाणी पुरत नाही, कारण कोंड्यामुळे साऱ्याच बुरशींना मेजवानी मिळते. उष्णता सोसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या लहान पिशव्या भरून प्रेशर कुकरमध्ये दीड तास वाफवाव्या लागतात, आणि कुकरमधले पाणी आटणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते. वखारीतून भुसा आणताना तो कशाचा हे विचारावे. प्लायवूडच्या भुशात डिंक व रसायने असतात. देवदार-चीडसारख्या राळयुक्त लाकडांचा भुसा बुरशीला रुचत नाही. सागाचाही नको, सागात वाळवीलाच काय, बुरशीलाही पुरून उरणारी द्रव्ये असतात.

सागावरून आठवलेला हिशेब

सागाचा उल्लेख आला आणि नव्वदच्या दशकातील त्या योजना अनेक वाचकांना आठवल्या असतील. काही हजार रुपये भरा, आपल्या नावाने सागाची झाडे लागतील, वीस वर्षांत लखपती व्हा! अशा अनेक वृक्षलागवड कंपन्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन बुडाल्या, आणि १९९९ साली 'सेबी'ला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. पुढे २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही आला. तरी मोहाचे रूप बदलत राहते. 'बियाणे आमच्याकडून घ्या, पिशव्या आमच्याकडून घ्या, माल आम्ही ठरलेल्या भावाने परत घेऊ' हे त्याचे अळिंबीच्या व्यवसायातले रूप. सारेच करार खोटे नसतात. परंतु ज्या संस्थेचे उत्पन्न मालाच्या विक्रीपेक्षा नव्या सभासदांना बियाणे विकण्यावर चालते, तिला आपले पीक परत घेण्यात रस कितपत असेल, हा प्रश्न सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावा. आधीच्या हंगामात माल घेतल्याची बिले मागावीत. अनामत रक्कम मोठी आणि परतफेडीची हमी तोंडी असेल तर नमस्कार करून उठावे.

घरचा हिशेब साधा आहे. चार पिशव्या म्हणजे दीड-दोन महिन्यांत दोन-अडीच किलो अळिंबी. एवढी घरात व शेजारात सहज संपते. चाळीस पिशव्या झाल्या, की वीस-पंचवीस किलो ताजा माल काही ठरावीक दिवसांतच एकदम हाती येतो, आणि तो फ्रिजमध्ये जेमतेम चार-सहा दिवस टिकतो. गिऱ्हाईक आधी शोधलेले नसेल तर तो वाळवावा लागतो. दहा किलोचा एक किलो होतो. याचा अर्थ उत्पादनाआधी बाजार. जवळची दोन-तीन हॉटेले, सोसायटीतील नियमित घरे, भाजीवाला यांच्याशी बोलणी झाल्यावरच फळ्या वाढवाव्यात. सलग तीन हंगाम, निरनिराळ्या हवामानात, दहातल्या आठ-नऊ पिशव्या निरोगी उतरू लागल्या आणि वहीत त्याची नोंद असली, म्हणजे कर्जाचा विचार करायला हरकत नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात अळिंबी उत्पादनासाठी कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे, आणि लहान उद्योगांसाठी २०१५ पासून मुद्रा योजनाही आहे. पात्रता व मर्यादा वेळोवेळी बदलतात, त्या शाखेत विचाराव्यात. शाखेतील अधिकाऱ्यासमोर रंगीत प्रकल्प अहवालापेक्षा ती मळकी वही ठेवली तर तिचे वजन अधिक पडते, कारण अहवाल विकत मिळतो, वही मिळत नाही. निवृत्तीच्या रकमेतून मुदत ठेव मोडून हा व्यवसाय सुरू करण्याचा विचार मात्र पहिल्या तीन हंगामांत मनात आणू नये.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पहिल्या पिशवीसाठी जुलै ते फेब्रुवारी हा काळ चांगला. तिसरा बहर निघाल्यावर ठोकळा हलका व भुसभुशीत होतो. तो फेकू नये. चुरून गांडूळखतात घालावा किंवा गुलाब, मोगऱ्याच्या कुंड्यांत मातीवर पसरावा. लाकडाचा जो भाग झाडाला मिळत नव्हता तो बुरशीने सुटा करून दिलेला असतो. पुढच्या पावसात त्या कुंडीतून एखादा करडा झुबका पुन्हा वर आला तर नवल नाही. तोडण्यापूर्वी तो धिंगरीचाच आहे ना, हे तेवढे नीट पाहून घ्यावे. शंका आली तर तो कुंडीतच राहू द्यावा.